पेडलवर पाय ऐकतात

उजव्या बुटाचा तळ टाचेकडे जवळजवळ नवा होता आणि पुढे, अंगठ्याखाली, झिजून कागदासारखा झाला होता. डाव्या बुटाची झीज दोन्हीकडे सारखी होती. फिजिओथेरपिस्टने दोन्ही बूट उलटे करून खिडकीच्या उजेडात शेजारी-शेजारी धरले आणि बराच वेळ पाहिले.

"सर, हा पाय तुम्ही उचलतच नाही. नुसता ओढता."

"टायर बदलायला झालाय म्हण की," सर म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. हसावं की नाही हे तिला कळेना. पार्किन्सनने सरांच्या हाताला कंप फारसा दिला नव्हता, पण चेहरा इस्त्री करून ठेवला होता. पूर्वी स्वतःच्या विनोदाला ते स्वतःच आधी हसायचे आणि त्यामुळे विनोद वाया जायचा. बायकोच्या मते आजाराने एवढं एक काम मात्र चोख केलं होतं.

सरांनी तीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. या शहरात सिग्नलला उभं राहिलं तर आजूबाजूच्या गाड्यांतले निदान दोघे-तिघे त्यांचे विद्यार्थी निघायचे. फिजिओसुद्धा त्यातलीच. रिव्हर्समध्ये दोनदा नापास झालेली. त्यामुळे इथे उपचार करणारी ती असली तरी ती त्यांना "सर" म्हणायची आणि ते तिला "तू".

"पाय घरात कुठे अडकतात?"

"दारात. वळणावर. आणि कुणी 'लवकर चला' म्हटलं की जागच्या जागी," बायकोने सांगितलं. ती भिंतीलगतच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. "डिंक लावल्यासारखे चिकटतात. वरचा माणूस पुढे जातो, खालचा तिथेच. त्यातूनच हे झालं." तिने सरांच्या कपाळावरच्या टाक्यांकडे बोट केलं.

"आणि गाडी?" फिजिओने बूट खाली ठेवले. "डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीय ना?"

"बघू," सर म्हणाले.

हा शब्द गेलं वर्षभर घरात कामाला होता. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हटलं, तेव्हा बघू. मुलगी दर रविवारी फोनवर विचारायची, "बाबा, गाडीचं काय ठरलं?" तेव्हाही बघू. स्कूल त्यांनी बंद केलं होतं, पण शिकवायची गाडी ठेवली होती. शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी असलेला दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेकही होता तसाच. मेकॅनिक म्हणाला, आता काढून टाकू का? बघू.

"माझं ऐक," सर फिजिओला म्हणाले. आजाराने आवाजही खाली आला होता, त्यामुळे तिला पुढे वाकावं लागलं. "चालताना पाय ऐकत नाहीत, कबूल. पण पेडलवर ऐकतात. मागे शाळेच्या वळणावर कुत्रं आडवं आलं. काय ब्रेक लागला म्हणून सांगू! ना धक्का, ना कर्कश आवाज. गाडी लोण्यासारखी थांबली. इतका सुरेख ब्रेक मी तरुणपणीही लावला नसेल."

फिजिओने मान अर्धी हलवली. पूर्ण नाकारावं असं ते नव्हतं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू न शकणारे, पण सायकलवर बसवलं की सरळ निघून जाणारे रुग्ण तिने पाहिले होते. मेंदूला चालण्याचा रस्ता बंद असला तरी दुसऱ्या एखाद्या कामाचा उघडा असू शकतो.

"तरी एकदा तपासून घेऊ," ती म्हणाली.

"बघू."

बाकावरच्या बायकोने पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

ते केंद्र म्हणजे एक लांबट हॉल होता. एका भिंतीला आरसे आणि मधोमध चालायचा एक फिरता पट्टा. त्याच्यावर छतापासून पट्टे लोंबत होते. माणसाला त्यात बांधायचं, म्हणजे तोल गेला तरी तो पडत नाही, लटकतो. सरांच्या आधी तिथे एक निवृत्त कॅशियर लटकत होते.

"या, या," कॅशियर म्हणाले. "वटवाघूळ व्हायचं असेल तर हीच जागा."

सरांना मात्र आधी काठी दिली गेली. काठीच्या खालच्या टोकाला एक दिवा होता आणि तो फरशीवर, पावलाच्या पुढे, एक आडवी लाल रेघ टाकायचा. फिजिओने समजावलं, की चालणं आपोआप होत नसेल तर ते मुद्दाम करायचं. रेघ दिसली की ती ओलांडायची. ओलांडली की पुढची येते. बहुतेकांना पहिल्या दिवशीच फरक पडतो.

सर काठी घेऊन उभे राहिले. दोन पावलं सरपटत गेले. फिजिओने बटण दाबलं. लाल रेघ पडली. सर थांबले.

"ओलांडा, सर."

सर हलले नाहीत. मघाशी निदान सरपटत होते, आता पुरते रुतले. बूट रेघेच्या वीतभर अलीकडे, दोन्ही अगदी एका ओळीत. फिजिओने रेघ जवळ घेतली, लांब केली, जाड केली. कॅशियर पट्ट्यावरून म्हणाले, "मला तर ती काठी दिली की मी पळत सुटतो." त्याने काही मदत झाली नाही.

"यंत्र बिघडलंय का?" फिजिओ पुटपुटली.

"यंत्र ठीक आहे," बाकावरून बायको म्हणाली. "रेघ लाल आहे ना."

"मग?"

"तीस वर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडलेत, लाल दिसलं की रेघेच्या अलीकडे थांबायचं. थांबलेत."



"पुढचं चाक रेघेला लागलेलंही नाही," सर म्हणाले. "बघून घे. तुझं दोन्ही वेळा लागलं होतं."

फिजिओने कपाटातून दुसरी काठी शोधून आणली. तिची रेघ हिरवी होती. सरांनी हिरवी रेघ पाहिली, आधी उजवीकडे, मग डावीकडे नजर टाकली आणि पाऊल उचलून पलीकडे ठेवलं. मग पुढचं. ते आरशाच्या टोकापर्यंत गेले. वळण आलं तेव्हा जरा अडखळले, पण वळले.

"वळताना हात दाखवायचा राहिला," कॅशियर म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं हो?" फिजिओने बायकोला हळूच विचारलं.

"त्यांचे पाय कधी काय करतात ते मला कळतं," बायको म्हणाली आणि विषय तिथेच संपवला.

पुढच्या आठवड्यांत काठीच्या जोडीला बुटांत घालायचे पातळ तळवे आले. त्यांची तारेविना जोडलेली एक डबी कमरेच्या पट्ट्याला अडकवायची. पाय नुसता टेकला तर डबी गप्प राहायची. चवड्यावर नीट वजन पडलं तरच बोलायची. उजव्याला टिक्, डाव्याला टक्. आपण पाय उचलतोय की ओढतोय हे पार्किन्सनच्या माणसाला आतून नीट कळत नाही. म्हणून ते त्याला बाहेरून ऐकवायचं, एवढीच त्यामागची कल्पना. शिवाय मोठ्याने बोलायचा व्यायाम होता. हॉलच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला ऐकू जाईल असं एक वाक्य म्हणायचं. सर "क्लच पूर्ण दाबा" म्हणायचे.

घरात टक् ऐकू यायचा, टिक् क्वचित. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "उजवा गळाला!" मग टिक् यायचा. हळूहळू सांगावं लागेनासं झालं. स्वयंपाकघराच्या दारात मात्र अजून खोळंबा व्हायचा. तिथे तिने उंबऱ्याच्या जागी हिरवी चिकटपट्टी लावली. मुलीला फोनवर ऐकू येण्याइतका टिक् खणखणीत झाला.

"बाबा, चाल सुधारली! आता गाडीचं—"

"बघू," सर म्हणाले. "चाल सुधारली म्हणजे गाडी सोडायचं कारणच राहिलं नाही."

बायकोने फोन काढून घेतला आणि मुलीला नातीच्या खोकल्याबद्दल विचारलं.

केंद्रात जाता-येता गाडी सरच चालवायचे. बायकोला येत नव्हती. लग्नानंतर एकदा त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला होता. पहिल्याच वळणावर दोघांचं बोलणं बंद झालं ते तिसऱ्या दिवशी सुरू झालं. संसार आणि क्लच एकाच वेळी सांभाळणं शक्य नाही, असा निष्कर्ष सरांनी काढला होता. पूर्वी ती मागे बसायची, पुढे ऊन लागतं म्हणून. हल्ली पुढे बसायची. चपला काढून, पर्स मांडीवर धरून, नजर थेट रस्त्यावर. सरांनी त्याचा अर्थ प्रेम असा लावला होता.

त्या दिवशी फिजिओने निघताना बजावलं, "डबी बंद करू नका हं. दिवसभर चालू ठेवा. फक्त झोपताना काढा."

म्हणून गाडीतही ती चालूच राहिली. टक्, क्लच. गाडी गेटबाहेर पडली. एक्सिलरेटरवर पाय हलका असतो, त्यामुळे तिथे आवाज नव्हता. टक्, दुसरा गिअर. टक्, तिसरा. सरांना मजा वाटली. तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवायला हे यंत्र हाताशी हवं होतं.

पहिला सिग्नल लाल होता. टक्. गाडी लोण्यासारखी थांबली.

टिक् आला नाही.

डबी बिघडली असेल, असं सरांना वाटलं. त्यांनी उभ्या गाडीत उजवा पाय जोर लावून खालच्या मॅटवर दाबला. टिक्. डबी ठीक होती.

ते पुढे निघाले. बायको रस्त्याकडे बघत होती. दुसरा सिग्नल लांबूनच पिवळा झाला. सरांनी पाय एक्सिलरेटरवरून उचलला, निदान उचलायला सांगितला. टक्. गाडीचा वेग उतरू लागला. रस्त्यावरची नजर कधीही काढायची नाही हा त्यांचा पहिला नियम. तो त्यांनी प्रथमच मोडला आणि खाली पाहिलं.

उजवा पाय दोन पेडलांच्या मध्ये, टाच टेकून उभा होता. दारात उभा राहतो तसाच. ब्रेकचं पेडल खाली जात होतं. त्याच्यावर कुणाचा पाय नव्हता.

गाडी रेघेच्या वीतभर अलीकडे थांबली.

सरांनी मान वळवली. शेजारच्या सीटखाली चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. बायकोचं अनवाणी पाऊल दुसऱ्या ब्रेकवर होतं. दाबून धरल्यामुळे बोटं पांढरी पडली होती. तिची नजर समोर होती.

हिरवा दिवा लागला. मागून हॉर्न वाजला.

"हिरवा झाला," ती म्हणाली आणि पाऊल उचललं. सरांसमोरचं पेडल आपोआप वर आलं.

"पुढे त्या झाडाखाली बाजूला घेतो," सर म्हणाले.

"घ्या."

"थांबवायचं तू बघ."

तिने पाऊल परत ब्रेकवर टेकवलं. गाडी झाडाखाली थांबली. सरांनी गिअर न्यूट्रलला आणला, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. ज्या क्रमाने शिकवायचे, त्याच क्रमाने.

"कधीपासून?"

"शाळेच्या वळणापासून."

"ते कुत्रं?"

"हं."

सर समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले, "तो ब्रेक मी डॉक्टरांना सांगितला. जावयाला सांगितला. त्या कॅशियरला दोनदा सांगितला."

"चारदा."

"सुरेख लागला होता."

"तीस वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलं मी? आधी हळू, मग घट्ट, शेवटी जरा सैल."

"तेव्हाच का नाही बोललीस?"

तिने पायात चपला सरकवल्या, मग परत काढल्या. "स्कूल बंद केलंत तेव्हा आठवडाभर खुर्चीतून उठला नाहीत. गाडीही गेली असती तर कायमचेच बसला असता. म्हटलं, आधी पाय सुरू होऊ देत, मग सांगू. रोज म्हणायचे, आज सांगू. तुमचा 'बघू' मलाही लागला."

"आणि एखाद दिवशी तुझा पाय चुकला असता तर?"

"रात्री तेच डोळ्यांसमोर येतं. कुत्र्याच्या जागी दुसरंच कुणीतरी असतं." तिने गुडघा चोळला. "आणि हा ब्रेक भारी कडक आहे हो."

"पॅड बघायला हवेत," सर सवयीने म्हणाले.

शाळा सुटली असावी. मुलांचा एक घोळका गाडीच्या पुढून, रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखा, रमतगमत गेला. शेवटची मुलगी बुटाची नाडी बांधायला अगदी बोनेटसमोर खाली बसली. दिसेनाशी झाली. मग उठली आणि पळाली. सरांचा उजवा पाय अजून दोन पेडलांच्या मध्येच होता.

"मग?" बायकोने विचारलं. "रविवारी लेकीचा फोन येईल. काय सांगायचं?"

सरांनी तोंड उघडलं. ओठ नेहमीच्या शब्दासाठी मिटले, तसेच राहिले. मग ते काहीतरी म्हणाले, पण शेजारून एक ट्रक गेला.

"काय?" ती म्हणाली. "ऐकू आलं नाही."

सर सीटवर ताठ बसले, पोटात श्वास भरून घेतला आणि हॉलच्या त्या टोकाच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आजपासून मी गाडी चालवणार नाही."