दोर बांधणारे शहाणे

मी एरी कालव्यातली भाड्याची बोट बोलतेय. कुणी विचारलेलं नाही, तरी बोलणार. दर आठवड्याला नवी माणसं माझ्या अंगावर नाचतात, तेव्हा एवढा हक्क मी कमावलाय.

न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेडमध्ये, ऐन हिवाळ्यात, पोलादी पत्रे जोडून मला घडवलं. हिरवा रंग दिला, आत चौघांपुरती झोपायची सोय आणि चिमुकलं स्वयंपाकघर केलं. माझी चाल पायी जाणाऱ्या माणसाएवढी. तरी मला चालवायला मिळालं की भल्याभल्यांच्या डोक्यात हवा जाते.

गेल्या आठवड्यात अमेरिकेतल्याच नेपरव्हिलहून हेमचंद्र आणि त्याची बायको प्रतिमा आले, डब्लिनहून त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र राजाराम आणि लता. सगळे निवृत्त, सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे. चढताना दाराशी बूट काढून ठेवले. सहलीला आलेत की सत्यनारायणाला, मला कळेना!

मालकाकडची बाई मला कसं चालवायचं ते शिकवू लागली. हेमचंद्र फोन बघत मान डोलवत होता. "आय नो, आय नो. व्हिडिओ बघितलेत मी." प्रतिमा मात्र कान देऊन ऐकत होती. या सहलीत आपण बोट चालवायची, एवढी एकच तिची हौस होती.

"आज मी चालवू?" तिने विचारलं.

"तू पोह्यांचं बघ ना. ड्राइव्ह मी करतो."

जन्मभर डॉक्टरकी केलेली बाई, गेली निमूट कांदा चिरायला. मला तर तिचाही रागच आला.

दुपारी पहिलं लॉक आलं. लॉक म्हणजे कालव्यातली दोन दारांची खोली. बोट आत घ्यायची, दारं लावायची आणि पाणी सोडून बोट खालच्या पातळीवर उतरवायची. तोवर भिंतीला अडकवलेला दोर हातात धरून हळूहळू ढिला सोडायचा. बांधायचा कधीच नाही, हे त्या बाईने बजावून सांगितलं होतं.

पण ग्रुप फोटो नको का?

"हेमू, ये यार! तुझ्याशिवाय फोटो कसा?" राजारामने हाक मारली. हेमचंद्राने माझ्या पुढच्या टोकाला दोर पक्का बांधला आणि हसत फोटोत जाऊन उभा राहिला. पाणी उतरू लागलं. वरून लॉकवाला हातवारे करून ओरडत होता. तिघांनी त्याला उलट हात हलवून दाखवले.

"सो फ्रेंडली ना?" लता म्हणाली.

माझं नाक वर लटकलं, मागचा भाग खाली गेला. हेमचंद्र गाठीशी झटापट करू लागला, पण माझ्या वजनाने ती आवळली होती. मी घाबरले, खोटं कशाला सांगू? या दीडशहाण्यांसकट आपण बुडणार, असंच वाटलं. तेवढ्यात प्रतिमा स्वयंपाकघरातून सुरी घेऊन धावत आली आणि तिने दोर कापला. मी धाडकन पाण्यात आदळले.

"अगं, मी सोडतच होतो," हेमचंद्र म्हणाला.

प्रतिमाने मागे जाऊन सुकाणू हाती घेतलं. पुढची दारं उघडली.

"लेफ्ट घे, लेफ्ट!" तो सुरू झालाच.

"अहो, खाली बसा," ती म्हणाली. "आणि बोलू नका."

तो बसला.

आज मी धक्क्याला उभी आहे. उद्या नवे शहाणे येतील. त्यांना हात जोडून सांगते, मला ऐकून घेणाऱ्याच्या हाती द्या. त्या दिवशी प्रतिमाने मला वळणावळणाने नेलं, पण मी एकदाही काठाला घासले नाही. सकाळी तिने विचारलं होतं. दुपारी विचारलं नाही.