फोकसरावांचा हिरवा कागद

फोकसराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पस्तीस वर्षं नाटकांना उजेड दिला, तेव्हा नटमंडळींनी ते चिकटवलं. निवृत्त झाले तरी ते सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते सोडायचं नव्हतं. घरात मात्र या कलावंताला काडीची किंमत नव्हती. दूध उतू घालवणारा आणि चार दिवस पाणी घालायला विसरून सात कुंड्या वाळवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. ख्याती खरी होती, त्याला इलाज नाही.

म्हणून बायको लेकीच्या बाळंतपणासाठी दीड महिना निघाली, तेव्हा तिने दारातच बजावलं, "अहो, घर कसंही ठेवा. पण माझ्या फिशटँकमधली झाडं जगली पाहिजेत. कुंड्यांसारखी तीही घालवलीत, तर या घरात परत तुमच्यावर काही म्हणजे काही सोपवणार नाही."

फिशटँक बाहेरच्या खोलीत होता. आत चार लाल मासे, आणि बायकोने आठ वर्षं चिमट्याने एकेक काडी खोचून वाढवलेलं रान. "तू निर्धास्त जा," फोकसराव म्हणाले. या खेपेला दाखवूनच द्यायचं, असं त्यांनी मनोमन ठरवलं होतं.

तिसऱ्याच दिवशी टँकवरची ट्यूब गेली.

तुमच्या-माझ्यासारख्याने काय केलं असतं? ट्यूब उतरवून दुकानात नेली असती आणि म्हटलं असतं, अशीच द्या. पण ज्याने जन्मभर राजे-राण्यांना उजेडात आणलं, तो दिवा कुठला घ्यावा हे दुकानदाराला विचारणार? भलतंच! त्यांनी माळ्यावरून आपली जुनी पेटी काढली. तिच्यात एकाच जागी झोत टाकणारे दोन लहान स्पॉट होते आणि दिव्यापुढे लावायच्या पारदर्शक रंगीत कागदांची गुंडाळी होती. हिरव्या झाडांना हिरवा कागद, यात विचारायचं काय? रंगमंचावरच्या कापडी जंगलाला त्यांनी हाच कागद लावला होता, तेव्हा पडदा उघडताच टाळी पडायची.

खिडकीचे पडदे ओढले, कागद लावला, बटण दाबलं. अहाहा! झाडं अशी काही झळाळली, की फोकसरावांनी स्वतःच मान डोलावली.

लाल मासे तेवढे काळेठिक्कर दिसायला लागले. त्यांच्यासाठी डाव्या कोपऱ्यात गुलाबी स्पॉट सोडला. पण मेले मासे लाइटच घेईनात! स्पॉट डावीकडे, तर चौघे उजवीकडे. स्पॉट उजवीकडे नेला, तर चौघे दगडामागे. "अरे, जागेवर या!" फोकसराव काचेपुढे हात नाचवत ओरडायचे. दौऱ्यावर असला एक नट त्यांनी सहन केला होता. तोही असाच नुसता तोंड उघडायचा आणि मिटायचा.

रोज संध्याकाळी ते टँकला खेटून बसत आणि बायकोला व्हिडिओ कॉल लावत. "बघ!"

"अगंबाई!" ती म्हणे. "काय हिरवीगार दिसताहेत हो!"

झालं, स्वारी खूश. मग माशांच्या तक्रारी निघत, नातीच्या जांभया निघत, दौऱ्यावरचे किस्से निघत. ऐकणारं माणूस समोरून हलत नाही म्हटल्यावर फोकसरावांना गप्प बसवणार कोण? फोन तासभर चाले.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी वीज गेली. चाचपडत त्यांनी खिडकीचा पडदा सारला, मागे वळले आणि टँककडे धावले. झाडं पिवळी पडली होती. खालची पानं गळाली होती, वरच्यांना भोकं पडली होती, देठ पाण्यात विरघळायला आले होते. एवढे दिवस हिरवा होता तो नुसता कागद.

मान खाली घालून ते पाळीव माशांच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाई जाळीने मासे काढत होत्या. फोकसरावांनी सगळी प्रकाशयोजना सांगितली, अगदी गुलाबी स्पॉटसकट. बाईंनी जाळी खाली ठेवली.

"काका, पानं हिरवी का दिसतात? बाकीचा उजेड ती खातात, हिरव्यातला बराचसा परत पाठवतात. तुम्ही नेमकं तेच त्यांना वाढलंत. पाच आठवडे उपाशी ठेवलंत बिचाऱ्यांना!"

"पण दिसायला इतकी छान..."

"कोणाला? बघणाऱ्याला. दिवा झाडाला विचारून घ्यायचा."

पस्तीस वर्षांत त्यांनी फक्त बघणाऱ्याला विचारलं होतं.

बाईंनी दुपारच्या उन्हासारखा पांढरा दिवा दिला. खोक्यावर उजेडाच्या रंगाचं माप साडेसहा हजार केल्व्हिन लिहिलंय ना ते बघून घ्यायचं, म्हणाल्या. शिवाय आपोआप बंद होणारं बटण दिलं. "रोज आठ तास, एक मिनिट जास्त नाही. तीन आठवड्यांत पालवी दिसेल."

"बायको चार दिवसांत येतेय."

"मग देव तुमचं भलं करो," बाई म्हणाल्या.

पांढरा दिवा लावला, तर सगळी दुर्दशा लख्ख दिसायला लागली. तीन दिवस फोकसरावांनी तोंड लपवलं. फोनवर 'रेंज नाही' म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा धीर सुटला. पडदे ओढले आणि पांढऱ्या दिव्यावर हिरवा कागद चिकटवून टाकला.

बायको आली ती चपला काढून थेट टँकपुढे. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान राखलीत हो."

हेच ऐकायला तर ते दीड महिना धडपडले होते. पण ती शाबासकी काही केल्या घशाखाली उतरेना. फोकसराव पुढे झाले आणि त्यांनी कागद टर्रकन ओढून काढला.

"मारली मी ती. हे सगळं खोटं होतं," ते म्हणाले. "पुन्हा काही सोपवू नकोस माझ्यावर."

बायको रागावली नाही. तिला हसूच फुटलं. "अहो, फोनवर तुमचं नाकसुद्धा हिरवं दिसायचं! मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस? आठ वर्षांची झाडं तुझी!"

"आठ वर्षं मी या झाडांशी बोलत होते, कारण तुम्ही दौऱ्यावर. आता कुठे रोज तासभर माझ्याशी बोलायला लागलात. दिव्याचं सांगितलं असतं, तर तुम्ही दुकानात पळाला असता, रोज दाखवायचं कौतुक संपलं असतं आणि दोन मिनिटांत फोन आटोपला असता." तिने डोळ्यांना पदर लावला. "म्हटलं, जाऊ देत झाडं."

तिने बांगड्या मागे सारून पाण्यात हात घातला आणि एक देठ हलकेच ओढून पाहिला.

"मुळं धरून आहेत. येतील परत," ती म्हणाली. "ते पडदे उघडा आधी. आणि बसा इथे. तीन दिवसांचं बोलायचं राहिलंय."