राखेनं घासलेलं भिंग

मित्रांनो, माझ्यातून नीट बघायचं असेल तर मला जरा तिरकं धरावं लागतं. मधोमध माझ्यावर धुकं आहे, बारीक चऱ्यांचं, कोणत्याही उन्हानं न विरणारं. कडेला मात्र मी अजून लख्ख आहे. पितळेची कडी, शिसवी मूठ, आणि त्या मुठीवर अंगठा टेकून टेकून पडलेला एक गुळगुळीत खळगा. मी शाळेतलं जुनं भिंग आहे. तो खळगा ज्या अंगठ्याचा, त्याची मला फार आठवण येते.

कुठल्याशा भट्टीत वाळू वितळली आणि मी काच झाले. सहाणेवर चंदन उगाळावं तसं कुणीतरी मला उगाळलं, पोट फुगीर केलं, कडा पातळ केल्या. पुण्याच्या एका दुकानातून गवतात गुंडाळून मला खोक्यात घातलं. राहुरीच्या स्टेशनावर उतरले तेव्हा लढाईचे दिवस होते. रॉकेलची टंचाई, गाडीच्या चाकाला वंगण नाही. करकरत, धूळ खात बैलगाडी एका कोरडवाहू गावच्या शाळेपाशी थांबली. खोक्यात माझ्या सोबतीला एक लोहचुंबक आणि एक तापमापक होता. वाटेत आम्हांला एकच हुरहुर, मुलांचे हात कसे असतील?

हात काही भेटले नाहीत. भेटलं ते कपाट. काचेचं दार, पितळी कुलूप आणि किल्ली हेडमास्तर राधाकृष्णपंतांच्या कनवटीला.

पंत वाईट नव्हते, मित्रांनो. दर शनिवारी ते स्वतःच्या उपरण्यानं कपाटाची काच पुसायचे. पण विज्ञान शिकवणारे गिदोन मास्तर किल्ली मागायला आले की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

"मास्तर, काचेचं काम आहे ते. फुटलं तर साहेबांना काय तोंड दाखवू?"

"पण पंत, हातात घेतल्याशिवाय कळायचं कसं पोरांना?"

"फळ्यावर काढा की. तुमची चित्रं झकास असतात."

मग मास्तर फळ्यावर मला काढत आणि मुलं माझ्या चित्राकडे बघून एका सुरात म्हणत, "भिंगातून वस्तू मो-ठी दिसते." मी फळ्याशेजारच्या कपाटात पडून ते ऐके. ज्याच्या नावानं वर्गात आरती चाललीय आणि ज्याला देवळाबाहेर कुणी येऊ देत नाही, अशा देवासारखी माझी गत होती.

कपाटाला नाक लावून बसणारी एकच मुलगी होती. चांगुणा. चौथीतली, काटकुळी, सदा हाताला चुलीचा वास. तिच्या नाकाचा ठसा काचेवर उमटे आणि शनिवारी पंत तो पुसून टाकत.

"गुर्जी," तिनं एकदा विचारलं, "मोठी म्हंजी केवढी?"

मास्तरांनी हात पसरून दाखवलं. मागनं कुणीतरी म्हणालं, "वांग्याएवढी!" सगळा वर्ग हसला. चांगुणा हसली नाही. ती माझ्याकडेच बघत राहिली.

मग एका उन्हाळ्यात ती शाळेत यायची बंद झाली. पुन्हा आली तेव्हा तिच्या तळहातांवर जात्याच्या खुंट्यानं फोड आणले होते. तिची आई साळूबाई नारूनं अंथरुणाला खिळली होती. नारू म्हणजे पायातून बाहेर येणारा दोऱ्यासारखा लांबलचक किडा, मित्रांनो. तुटू नये म्हणून तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. साळूबाईच्या पायाला ती काडी बांधलेली होती. गावात तिच्यासारख्या ओव्या कुणाला येत नसत, पण त्या घरचं जातं आता मुक्यानं फिरे, कारण ओढणारी पोर होती आणि तिला दम पुरत नव्हता.

"गेल्या सालीबी निघाल्ता," चांगुणा मास्तरांना म्हणाली. "पुढच्या सालीबी निघाला तर बा म्हनतोय, शाळा बास झाली. दळायला कोन हाय घरात?"

गिदोन मास्तरांना कारण ठाऊक होतं. नगरच्या मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की नारू पायऱ्यांच्या विहिरीतून येतो. दुखरा पाय पाण्यात बुडतो, नारूची पिल्लं पाण्यात उतरतात, तिथले बारीक जीव त्या पिल्लांना गिळतात आणि ते जीव माणसं पितात. वर्षानं पुन्हा नारू निघतो. घट्ट विणीच्या फडक्यातून पाणी गाळलं तर सुटका आहे. पण हे गावाला सांगायचं कसं? गावची बारव पायऱ्यांची होती, आणि त्या पायऱ्या मास्तरांना बंद होत्या. ते ख्रिस्ती, आधीच्या पिढ्या गावकुसाबाहेरच्या. मास्तरांची घागर काठावर थांबे आणि कुणाला दया आली तर वरून ओतलेलं पाणी तिच्यात पडे. असल्या माणसानं पाण्याला नाव ठेवलं तर गाव काय म्हणेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तेवढ्यात तपासणीची वर्दी आली. साहेब यायचे म्हणून शाळा सारवली, अंगणात चुन्याच्या रेघा मारल्या. पंतांनी कपाट उघडलं आणि मुलींना म्हणाले, "सगळं लख्ख करा गं." मग ते फळ्यावर सुविचार लिहायला गेले.

चांगुणानं मला उचललं. मित्रांनो, पहिल्यांदा! खरबरीत, उबदार हात. माझ्या पोटातून तिनं स्वतःचं बोट बघितलं, जवळ धरून, मग लांब धरून. बोटाच्या रेघा तिला शेतातल्या सरींएवढ्या दिसल्या असतील. मग पंतांचा खाकरा ऐकू आला, आणि ती घाईनं कामाला लागली. घरी घागर जशी घासायची तशी. चुलीतली राख, नारळाची शेंडी आणि अंगातला सगळा जोर.

राखेत चुलीची वाळू होती. कुर्रकुर्र आवाज येत राहिला आणि माझ्या डोळ्यांपुढे हळूहळू धुकं उतरलं.

साहेबांनी मला उजेडासमोर धरलं. "हे निकामी झालं. काढून टाका." एवढं बोलून ते चहाला गेले. राधाकृष्णपंत खुर्चीत बसले ते उठेनात. चांगुणा दाराशी उभी होती.

"म्या घागर घासते तसंच घासलं," ती रडत म्हणाली. "घागर तर चकाकती."

पंतांनी तिला मारलं नाही. त्यांनी मला गिदोन मास्तरांच्या हातात ठेवलं. "घ्या. आता काय करायचं ते करा."

असं माझं आयुष्य सुरू झालं. निकामी ठरल्यावर.

मी हातोहात फिरले. मुलांनी माझ्यातून मुंगीच्या मिशा पाहिल्या, ज्वारीच्या दाण्याचा डोळा पाहिला, एकमेकांच्या नाकपुड्या पाहून हसून लोळली. उन्हात धरून वाळलं पान पेटवलं. कुणाची टोपी भाजली, मास्तरांनी कान पिरगाळला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मीच त्यांच्या हातात. मधल्या धुक्यावरचा तोडगा चांगुणानं काढला. "तिरकं धरा, कडंनं बघा," ती सगळ्यांना सांगे. माझी मूठ धरायची पाळी वाटून दिलेली असली तरी तिची पाळी जरा लांबायची.

एके दिवशी मास्तर म्हणाले, "चांगुणा, बारवेचं पाणी आणशील?"

"तुमीच आना की गुर्जी, तुमचं घर तर..."

शेजारच्या मुलीनं तिला कोपर मारलं. चांगुणा थबकली, मग खाली बघून म्हणाली, "आनते."

शाईच्या दोन रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवल्या होत्या. एकीत बारवेचं पाणी तसंच ओतलं. दुसरीत चांगुणानं आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं चौपदरी करून त्यातून गाळलं. मग तिनं मला पहिल्या बाटलीशी धरलं. पाणी कसं नितळ, गंगेसारखं. आणि त्या नितळ पाण्यात तिळाच्या टोकाएवढे पांढरे जीव, झटके देत, वर खाली पळणारे.

"गुर्जी," ती हळूच म्हणाली, "ह्ये तर उड्या मारतंय."

दुसऱ्या बाटलीत तिनं कितीतरी वेळ शोधलं. काही नव्हतं. तिथं मास्तर एक अक्षर बोलले नाहीत. आणि मला तेव्हा कळलं, की गप्प राहणं हासुद्धा शिकवण्याचा एक भाग असतो.

ही गोष्ट चावडीवर पोचायला काय वेळ? दुसऱ्याच दिवशी आबासाहेब पाटील शाळेच्या ओट्यावर येऊन उभे राहिले.

"मास्तर, पायऱ्या उतरू देत न्हाई म्हून आमच्या बारवेला नाव ठिवता काय?"

"मी काहीच म्हणत नाही, आबासाहेब. पोरगी काय म्हणते ते बघा."

आबासाहेबांनी मला डोळ्याला लावलं. "हितं तर नुसतं धुकं हाय."

"आबा, तिरकं धरा," चांगुणा म्हणाली. "कडंनं बघा. हां. आता बाटली जवळ घ्या."

पाटलांच्या मिशीचा केस माझ्या काचेला टोचत होता. त्यांचा डोळा मोठा मोठा होत गेला.

"ह्ये आमी पितो?"

"व्हय आबा. रोज. चूळ भरून, देवाचं नाव घिऊन पिता."

कुणीतरी फिसकन हसलं. आबासाहेबांनी मला परत दिलं. "दिसतंय खरं," एवढंच म्हणाले आणि चपला घालून गेले. संध्याकाळी त्यांच्या वाड्यातल्या घागरींच्या तोंडाला फडकी दिसली.

त्या रात्री चांगुणानं मला घरी नेलं. दिव्याशी धरून साळूबाईनं पाणी पाहिलं आणि आपल्या पायाची काडी पाहिली. पुढं एक वर्ष त्या घरी वाट पाहणं चाललं. रोज पाणी फडक्यातून गाळायचं, फडकं धुऊन उन्हात टाकायचं, गाळताना त्याची वरची बाजू वरच ठेवायची, म्हणजे अडकलेले जीव घागरीत उतरत नाहीत. उन्हाळा आला. चांगुणा रोज उठून आधी आईचे पाय बघायची, घोट्यावर, पोटरीवर हात फिरवायची. नारू निघाला नाही. पाऊस होऊन गेला, तरी निघाला नाही. आणि एका पहाटे त्या घरचं जातं गाऊ लागलं:

पान्याला मी जाते, घागरीला चौपदरी चिंधी
लेकीनं दाविली गं, थेंबामंदी जीवांची मांदी.

ती ओवी एका जात्यावरून दुसऱ्या जात्यावर गेली, वेशीबाहेर गेली, लेकीबाळींबरोबर सासरी गेली. चांगुणा सातवी पास झाली. मास्तरांना पायऱ्या मात्र तेव्हाही मिळाल्या नाहीत. पाणी वरूनच ओतलं जाई. फडक्यातून ओतलं जाई, एवढाच काय तो फरक.

मग दिवस पांगले. गिदोन मास्तरांची बदली पुणतांब्याकडे झाली. चांगुणाचं लग्न पारनेरच्या बाजूला झालं. जाताना तिनं माझी मूठ पदरानं पुसली, त्या खळग्यावर अंगठा ठेवून क्षणभर उभी राहिली, आणि मला खिडकीत ठेवून निघून गेली.

आणि राधाकृष्णपंतांना माझा अभिमान वाटू लागला. "याच भिंगानं गावचा नारू घालवला," ते येईल त्याला सांगत. त्यांनी कपाट नव्यानं रंगवलं, आत लाल मखमल टाकली, तिच्यावर मला ठेवलं आणि कुलूप लावलं. प्रेमानं लावलं, मित्रांनो. म्हणून ते उघडत नाही.

परवा दिवाळीला चांगुणा माहेरी आली होती. शाळेत आली, पंतांच्या पाया पडली.

"गुर्जी, तिकडं घरोघरी नारू हाय. मी सांगते, पन बायका हसत्यात. त्यांना दावायला पायजे. भिंग न्हेऊ का? पुन्ना आनून देते."

पंतांचा हात कनवटीकडे गेला. बराच वेळ तिथंच राहिला. "अगं, ते आता शाळेची शान आहे," ते शेवटी म्हणाले. "वाटेत कुठं फुटलं म्हणजे?"

चांगुणा कपाटापाशी आली आणि लहानपणी लावायची तसं काचेला नाक लावलं. मी तिला अगदी जवळून पाहिलं, पण माझ्यातून तिनं काही पाहिलं नाही. मग ती गेली. ओसरीवरून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं, घागर, चिंधी, थेंब. तिच्यापाशी आता ओवीच तेवढी होती.

काचेवर तिच्या नाकाचा ठसा आहे. शनिवारी पंत पुसतील. मित्रांनो, तुमच्या शाळेतही असं एखादं कपाट असेल. आतल्या वस्तू जपून ठेवलेल्या असतील, माझ्यासारख्याच. त्यांना जपू नका हो. किल्ली मागा, आणि दिली नाही तर पुन्हा मागा. मला बाहेर काढा, चिखलात न्या, पारनेरच्या बायकांच्या हातात द्या. फुटले तर फुटले. राखेनं घासलंत तरी चालेल.