तीन स्क्रूंचं दार

मी बोलतोय, पण आवाज जरा दबका येईल. मी खोक्यात आहे आणि खोकं उलटं ठेवलंय. बाहेर ठळक अक्षरांत ‘ही बाजू वर’ असं लिहिलंय, शेजारी बाणही काढलाय. पण माल उतरवणाऱ्यांना बाण बघायला सवड कुठे असते? तेव्हा पाय छताकडे आणि डोकं जमिनीला, अशा अवस्थेत मी माझी कहाणी सांगतोय. गोड मानून घ्या.

मी एक कॅबिनेट आहे. कपड्यांचं नव्हे, कॉम्प्युटरचं. सगळे ज्या डब्याकडे बोट दाखवून ‘हा सीपीयू’ म्हणतात, तो डबा मी. खरा कॉम्प्युटर आत असतो. मी त्याला घर देतो, वारा देतो, धुळीपासून सांभाळतो. कारखान्यात एका साच्यातून माझ्यासारखे हजारो निघतात. मला मात्र एका बापाने आणि त्याच्या लेकीने हाताने घडवलं. त्या दोघांच्या मध्ये मी इतका काळ अडकून पडलो की अस्वस्थपणा माझ्या पाचवीलाच पुजला गेला.

बाप पत्र्याची कामं करणारा मिस्त्री. खाली दुकान, वर घर. धान्याच्या कोठ्या, टपालपेट्या, औजारांचे खण. गल्लीतल्या निम्म्या घरांत त्याच्या हातचं काहीतरी सापडेल. कामात पक्का आणि बोलण्यात कच्चा. लेकीशी त्याचं बोलणं म्हणजे ‘आलीस?’ आणि ‘दिवा बंद कर’. माया नव्हती असं नाही. माया होती, ती बाहेर कशी काढायची एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

लेक शिकली. अजून न बांधलेल्या इमारती आतून बाहेरून कशा दिसतील, याची हलती चित्रं ती कॉम्प्युटरवर तयार करते. दूरच्या शहरात तिला नोकरी लागली, पण कॉम्प्युटर स्वतःचा आणायचा अशी अट होती. या कामाचा कॉम्प्युटर भट्टीसारखा तापतो. त्याचे सुटे भाग तिने एकेक करून जमवले आणि एका सकाळी हातात एक चित्र घेऊन ती दुकानात उतरली.

“बाबा, मला विकतचं कॅबिनेट नकोय. आपण दोघं मिळून करू. पत्र्याचं तुम्ही, प्लास्टिकचं मी.”

मिस्त्रीने चित्र उलटसुलट करून पाहिलं. “कधीपर्यंत हवंय?”

“हे झालं की मी निघाले.”

ती हे सहज बोलून गेली. मिस्त्रीच्या मनात मात्र ते वाक्य जाऊन बसलं, आणि माझं घोडं अडलं ते तिथेच.

सुरुवात झकास झाली. मिस्त्रीने चांगला जाड पत्रा काढला, त्यावर काटकोनाचा गुण्या ठेवून रेघा मारल्या, कात्रीने मला कापलं आणि वाकवलं. वाकताना दुखलं, खोटं कशाला बोलू? पण कोपरे असे जुळले की फटीतून नख जाणार नाही. लेकीने पुढच्या बाजूला प्लास्टिकची चौकट केली, खाली पाय केले, आणि बाजूच्या दारासाठी काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे ॲक्रिलिक, कापून त्याच्या कडा घासून घासून लोण्यासारख्या केल्या.

आणि काय सांगू, दोघं बोलायला लागली. म्हणजे भांडायलाच लागली.

“इतकी भोकं? हे कॅबिनेट आहे की चाळणी?”

“वारा कुठून जाणार मग?”

“वाऱ्याबरोबर धूळ येते, इंजिनियरबाई.”

“म्हणून आतून जाळी लावायचीय. चित्र नीट बघा ना, बाबा.”

वरच्या खिडकीतून आई हाक मारायची, जेवण निवायचं, तरी यांचं पंखा पुढे की मागे हेच चाललेलं. मी टेबलावर पडल्या पडल्या ऐकायचो. एवढी वर्षं एका छताखाली राहून जे बोलणं झालं नव्हतं, ते माझ्या अंगावर हात ठेवून होत होतं. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

मग मिस्त्रीच्या हातून एक चूक झाली. दाराला भोकं पाडायचं काम त्याने हट्टाने आपल्याकडे घेतलं. पत्र्याची सवय, त्याने स्क्रूच्या जाडीएवढीच भोकं पाडली, तसूभरही जास्त नाही, आणि स्क्रू आवळले. दार दिमाखात बसलं. दुपारी ऊन टेबलावर आलं, ॲक्रिलिक तापलं, आणि चारही कोपऱ्यांतून बारीक तडे गेले.

लेकीने दारावरून बोट फिरवलं. “बाबा, प्लास्टिक उन्हात फुगतं. त्याला थोडी जागा सोडावी लागते. एवढं गच्च आवळलं की तडकतं.”

“ढिलं काम माझ्या दुकानात होत नाही.”

“ढिलं नाही हो. थोडंसं सैल.”

नवं ॲक्रिलिक यायला आठवडा लागणार होता, म्हणजे तिचं जाणं आठवडाभर पुढे गेलं. तिने कंपनीला तसं कळवलं. मिस्त्रीने चेहरा पाडला खरा, पण त्या संध्याकाळी तो शीळ घालत दुकान झाडत होता. ती शीळ ऐकली आणि पुढे काय होणार ते मी ओळखलं.

पुढे व्हायचं तेच झालं. नवं दार आलं, लेकीने स्वतः भोकं पाडून ते बसवलं, तर मिस्त्री म्हणाला, मागचा कोपरा गुण्यात नाही. होता. मी सांगतो ना, अगदी काटकोनात होता. तरी त्याने तो उघडून परत ठोकला. मग म्हणे रंगात बुडबुडे आलेत, खरवडून नव्याने द्यायला हवा. मग पंख्याची जागा चुकली. आज दोन पावलं पुढे, उद्या तीन मागे. ज्याच्या हातून दोऱ्याइतकी चूक होत नव्हती, तो आता रोज काहीतरी चुकवत होता. माझा जीव नुसता टांगणीला. अरे बाबा, एकदाचं मला होऊ दे, माझ्या पोटात मशीन बसू दे, पंखे फिरू देत, असं ओरडून सांगावंसं वाटे. पण पत्र्याचं ओरडणं ठोकल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि ठोकल्यावर ते ठोकण्याचंच वाटतं.

आईच्या नजरेतून हे सुटणार थोडंच? लेक बाहेर गेल्याचं पाहून ती खाली आली, पदराला हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली.

“अहो, माणूस उभा मावेल एवढी कोठी तुम्ही दोन दिवसांत करता. या टीचभर डब्याचं काय चाललंय?”

“बारीक काम आहे.”

“बारीक काम आहे की पोरगी जायला नको आहे?”

मिस्त्री कानस घेऊन नसलेली धार घासत राहिला. आई म्हणाली, “तिला तिकडे रुजू व्हायचंय. एकदा थांबतील, दोनदा थांबतील. नंतर दुसऱ्या कुणाला घेतील.”

तिसऱ्यांदा थांबायला कंपनी तयार नव्हती. ज्या दिवशी मिस्त्रीने माझे चारही पाय काढून ‘उंची जमत नाही’ म्हटलं, त्याच दिवशी लेकीने गाडीचं तिकीट काढलं. भांडली नाही. कॉम्प्युटरचे भाग कपड्यांत गुंडाळून बॅगेत भरले आणि निघताना माझ्या टपावर हात ठेवून म्हणाली, “राहू दे, बाबा. झालं की पाठवा.” मिस्त्री “हं” म्हणाला. बाप एवढी वर्षं जे ‘हं’ म्हणत आला, तेच.

ती गल्लीच्या वळणाआड गेली. मिस्त्रीने दुकानाचं दार लोटलं आणि त्या एका सकाळीत मला पूर्ण केलं. पाय लावले, जाळी बसवली, दार चढवलं, फडक्याने पुसलं. मी तयार झालो. इतक्या दिवसांची तळमळ संपली, असं मला वाटलं.

त्याने मला उचललं आणि फळीवर ठेवून दिलं.

दर रविवारी लेकीचा फोन यायचा. हात काळे असायचे म्हणून मिस्त्री फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर लावायचा.

“बाबा, झालं का?”

“रंग वाळतोय.”

“आता कुठला रंग दिलाय?” आणि मग काळा की राखाडी, चकचकीत की मळका, यावर दोघं हसत भांडत बसायची. पुढच्या रविवारी रंग वाळलेला असायचा, पण जाळी गंजलेली असायची. मी फळीवर लख्ख, कोरडा, एकही डाग नसलेला, हे सगळं ऐकायचो. चीड यायची. त्याचा चेहरा पाहिला की चीड ओसरायची. मिस्त्री रविवारी सकाळी उठून दाढी करून बसायला लागला होता, फोनसाठी.

मग एका रविवारी तिचा आवाजच वेगळा आला. कॅबिनेट नाही म्हणून तिने सगळे भाग टेबलावर उघडेच मांडले होते, त्यावर काम चालू होतं. खिडकीतून धूळ येत होती, पंख्यात साठत होती. एक दिवस मशीन तापून बंद पडलं आणि तयार काम गेलं. वरिष्ठांनी सगळ्यांदेखत तिला सुनावलं.

“नवीन आहे ना मी, म्हणून जास्त लागलं,” ती म्हणाली. “तुमचं सावकाश चालू दे, बाबा. घाई करून बिघडवू नका.”

फोन आईने उचलून बंद केला. मिस्त्री टेबलाच्या कडेला हात टेकून म्हणाला, “मी पोरीचं वाटोळं करायला बसलो होतो.”

“पाठवा मग,” आई म्हणाली.

त्याने मला खाली उतरवलं. चारही बाजूंना फोम लावला, खोक्यात ठेवलं, चिकटपट्टी लावली, बाण काढला. सुटलो, असं मी म्हणतोय तोच त्याने पट्टी फाडली. त्याचा हात आत आला आणि माझ्या दाराच्या एका कोपऱ्यातला स्क्रू त्याने काढून घेतला. तो साधा स्क्रू नव्हे. कुठल्याशा जुन्या यंत्रातले चार पितळी स्क्रू होते, आणि त्यांच्यासाठी त्याने पत्र्यात तसेच आटे पाडले होते. त्या मापाचा स्क्रू आता बाजारात मिळत नाही.

आईने पाहिलंच. “हे काय आता?”

“तीनवर दार राहतं. मशीनला काही होत नाही.”

“मग चौथा काढला कशाला?”

मिस्त्रीने तो शर्टाच्या खिशात टाकला. “पंखे फिरायला लागले की कोपरा वाजेल. मग विचारेल ती.”

“अहो, तुम्हीच करा ना फोन.”

“मी काय बोलू तिच्याशी? या डब्याचं सोडून?”

“जेवलीस का, विचारा.”

“ते तू विचारतेस.”

आईने चिकटपट्टीचं टोक शोधून त्याच्या हातात दिलं.

तर असा मी निघालो. आधी मला रागच आला. इतका रडतखडत पूर्ण झालो आणि शेवटी एका स्क्रूने अधुराच. पण वाटेत खोक्यात पडल्या पडल्या विचार करतोय, आणि आता राग नाही, धाकधूक आहे. कारण लेक हुशार आहे. कोपरा वाजला की ती कान लावेल, भोक बघेल, आणि कुणाला काही न विचारता अर्ध्या तासात प्लास्टिकचा स्क्रू घासून बसवून टाकेल. थोडंसं सैल ठेवून, अगदी बरोबर. आणि तिथे तो माणूस दाढी करून बसलेला असेल.

कुणीतरी खोकं उचललं. सरळ केलं एकदाचं. दारावरची घंटा वाजतेय, पावलं येताहेत, ती तिचीच आहेत.

पोरी, ऐक. तुझं मशीन मी जिवापाड सांभाळेन, वाऱ्याला अडवणार नाही, धुळीला आत येऊ देणार नाही. पण कोपरा वाजेल तेव्हा त्यात काही खोचू नकोस, काही बनवू नकोस. रविवारचीही वाट बघू नकोस. फोन कर. तो लगेच कबूल करणार नाही. आधी विचारेल, कुठला कोपरा, वरचा की खालचा, आवाज कसा येतो. तू सावकाश सांग.