मैनाच्या पाठीला सांगितलेलं

ट्रॅक्टरवरून पडलो, असं देवमनने बायकोला सांगितलं होतं. मैनाने ते मान्यही करून टाकलं. ट्रॅक्टरवरून पडलेल्या माणसाच्या नेमके दोन्ही पायांचे तळवेच कसे काळेनिळे होतात, असलं काही तिने विचारलं नाही. एरंडाची पानं तव्यावर गरम केली आणि बांधली.

मी भातकुलीजवळच्या त्या गावात पोचले, तेव्हा ती पानंच बदलत होती. आमची संस्था लहान. अमरावतीत एक खोली, एक पंखा, आणि कोठडीत कुणाला मारलं असं कळलं की धावत सुटणारी मी. कायदाही असाच धावता धावता शिकले.

"अवो, शेकलं काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं. "डॉक्टरला वळ दिसायला पाहिजेत ना!"

मैनाने वर पाहिलं. "मंग काय तसंच ठेवू? नवरा हाये माहा, ताई. पुरावा नाही."

मी चहा प्यायले.

झालं होतं ते एवढंच, की खुशालरावांच्या विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली. चोर कोण ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांची जीप मात्र पत्ता न विचारता बौद्ध वस्तीत आली. दर वेळी तशीच येते. देवमन खुशालरावांच्या शेतात मजुरीला जातो, तेवढं पुरलं. रात्रभर ठाण्यात ठेवलं आणि सकाळी सोडून दिलं; परतताना ट्रॅक्टरवरून पडलो, हे त्याने घरी सांगितलेलं. कागद नाही, गुन्हा नाही.

आमचे वकील सुगत अकोल्याहून फोनवर बजावत होते : तपासणी आजच करा. आणि जातीवरून शिव्या दिल्या असतील तर शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. नाहीतर नुसती मारहाण उरते. जीप याच वस्तीत का आली, ते गळून जातं.

"सांगतो सारं," देवमन म्हणाला. "पन इले बाहेर जा म्हना."

"माह्याच घरातून?" मैनाने लसणाची टोपली ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "घ्या. गेली मी बाहेर."

मग तो बोलू लागला. प्रश्न मी विचारत होते, उत्तरं तो तिच्या पाठीला देत होता. पालथं पाडलं. एक जण मांड्यांवर बसला. दुसऱ्याने तळव्यांवर पट्टा चालवला. "मंग म्हने उड्या मार. सूज दिसाले नाही पायजे. मी उड्या मारून राहिलो, अन् ते हासून राहिले." सांगताना तोही थोडा हसला. लसूण सोलणारे हात थांबले, पुन्हा चालू झाले.

"शिव्या दिल्या?"

"दिल्या."

"काय म्हणाले?"

"दिल्या ना, ताई. लिवा तसंच."

"तसं चालत नाही भाऊ."

"हिच्यावरून व्हत्या," एवढंच म्हणाला. पट्टा सांगता आला होता, उड्या सांगता आल्या होत्या. इथे गडी अडला. मी पेन धरून बसले. ओढून काढायची मला हिंमत होईना, आणि सोडून द्यायचीही.

"लिवा, ताई," भिंतीकडून आवाज आला.

आणि मैनाने त्या शिव्या सांगितल्या. दुकानात साखर-चहापत्ती सांगावी तशा, एकामागून एक. इथे लिहीत नाही, तक्रारीत आहेत.

देवमन तिच्याकडे बघतच राहिला. "तुले कसं मालूम?"

"शिव्या का दरसाल नव्या निघतात? लहानपनापासून आयकून राहिली मी. खळ्यावर आयकल्या, नळावर आयकल्या. चुकलं असन तं सांगा."

"चुकलं नाही," देवमन म्हणाला. मग म्हणाला, "एक राहिली." ती त्याने स्वतःच सांगितली, अगदी स्पष्ट. तेव्हा मैना वळून बसली.

मी सगळं वाचून दाखवलं. त्याने सही केली.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात जायला ऑटो केला. मैना मध्ये बसली, आम्ही दोघं कडेला. गावाबाहेर पडतो न पडतो तोच मोठा खड्डा आला.

"अबे हळू!" देवमन ओरडला. "दुखते ना मले!"

ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं. "काय झालं भाऊ? पडले का कुठं?"

मैना समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मीही.

"पडलो नाही बावा," देवमन म्हणाला. "पोलिसानं मारलं."

ऑटोवाल्याने वेग कमी केला.