जिल्ह्याला शोभेल असा नाश्ता

लातूरला रेल्वेने पाणी आले त्या उन्हाळ्यात उदगीरला नुसती बातमी आली. त्यामुळे उदगीरचा वेगळा जिल्हा करा, ही मागणी जोरात होती. समिती निघाली. अध्यक्ष भुजंगराव सांगत, "जिल्हा झाला की घरोघरी पाणी." बैठक दर रविवारी व्यंकटरावांच्या ओसरीवर भरे, कारण त्यांच्या रांजणातले पाणी गार असे.

त्या रांजणात व्यंकटरावांच्या बायकोचा, तारामतीचा, जीव अडकलेला होता. टँकर बुधवारी यायचा. समिती चहाआधी पाणी प्यायची, चहानंतर पाणी प्यायची आणि ठराव मंजूर झाला की तोंड धुवायची.

"या रविवारी पोहे नको," व्यंकटराव म्हणाले. "जिल्ह्याला शोभंल असं कर. ते गार्लिक ब्रेड का काय."

"आन् पीठ कशात मळू? पाणी कुठाय?"

"ते तुझं तू बघ. आम्ही जिल्ह्याचं बघायलोत."

तारामतीने बघितले. नळाचा भरवसा नव्हता, दह्याची पिशवी मात्र दुकानात रोज यायची. मैदा, मीठ, खायचा सोडा आणि दही. पाण्याचा थेंबही न लागता पीठ लोण्यासारखे मळले गेले. शेजारी वाटीत ठेचलेला लसूण ठेवला, तळाला मीठ पसरून कुकर तापत ठेवला आणि ती कोपऱ्यावर बटर आणायला गेली.

तेवढ्यात सासूबाई, चतुराबाई, आत आल्या. दह्यात मळलेले पीठ, बाजूला लसूण. सूनबाई धपाट्यात मिरची घालायची विसरली, हे त्यांनी लगेच ओळखले. हिरव्या मिरच्यांचा ठेचा त्यांनी सढळ हाताने लसणात कालवला आणि सगळे पिठात मळून टाकले.

तारामती परतली तेव्हा समिती ओसरीवर टेकली होती.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"का गं, हळद राहिली का?"

आता दुसरे पीठ कुठले? तिने तेच लाटले, कुकरमध्ये भाजले, वर बटर फासले, पट्ट्या कापून बाहेर नेल्या.

"वा! लातूरच्या हाटेलावानी!" भुजंगराव म्हणाले. दुसऱ्या घासाला ते टोपीने तोंडाला वारा घालू लागले. समितीतल्या शेषेरावांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. जिल्ह्याबद्दल एवढा जिव्हाळा त्यांनी आजवर दाखवला नव्हता.

"वैनी, पाणी!" भुजंगराव ओरडले.

तारामती रांजणापाशी उभी होती, झाकणावर हात ठेवून. आत्ता दिले तर बुधवारपर्यंत डाळ कशात शिजणार?

"पाणी जिल्हा झाल्यावर, भाऊजी. तुम्हीच म्हणता न्हवं?"

सर्वांना एकदम घरची कामे आठवली. पुढची बैठक शेषेरावांकडे, हा ठराव चपला शोधता शोधताच एकमताने मंजूर झाला. शेषेरावांना बोलता येत नव्हते.

व्यंकटराव रांजणाकडे वळले. तारामतीने त्यांच्या हातात उरलेल्या दह्याची वाटी दिली.

चतुराबाई तिसरी पट्टी चघळत होत्या. "धपाटं मऊ झालंय गं. पन तिखट जरा कमीच."

"पुढच्या बारीला वाढवू, आत्याबाई," तारामती म्हणाली.