अठरा ट्रॉल्या माती आणि मी

मित्रांनो, मी पन्नास फुटांची कापडी मोजपट्टी. कारखान्यात माझ्या पिवळ्या अंगावर काळे आकडे छापले, कातडी डबीत गुंडाळून मला दुकानात पाठवलं आणि तिथून अजीज मिस्त्रींनी मला घरी आणलं. आमच्या दिंद्रुड गावाच्या आसपासची कितीतरी घरं, हौद आणि शाळेच्या खोल्या माझ्या मापानं उभ्या राहिल्या. “माझी पट्टी खोटं बोलत न्हाई,” असं मिस्त्री सगळ्यांना सांगायचे. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

एकदा काँक्रीट कालवायच्या यंत्रात माझं टोक अडकलं आणि पहिला अर्धा फूट तुटून गेला. मिस्त्रींनी मला टाकलं नाही. उरलेल्या टोकाला त्यांनी पितळी कडी शिवली आणि पुढं प्रत्येक मापातून अर्धा फूट वजा करत राहिले. मग त्यांचे गुडघे गेले. ते घरी बसले आणि मी खुंटीवर. पाच वर्षं मला कुणी हातही लावला नाही.

मला खाली काढलं ते त्यांच्या लेकीनं, समिनानं. ती रोपवाटिका चालवते. गावच्या दवाखान्यापुढं बाग करायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. लसीच्या दिवशी बायका तान्ही लेकरं घेऊन तिथं उन्हात ताटकळायच्या. समिनाला तिथं सावलीसाठी आठ कडुलिंब लावायचे होते. पण अंगण पडलं कडक मुरमाचं. म्हणून जेसीबीनं मुरूम काढून तलावातली काळी माती भरायची ठरली. ट्रॅक्टर गावातल्या सुंदररावांचा. तो दुसऱ्या दिवशी, एकाच दिवसापुरता मिळणार होता.

“टाक की पंधरा-वीस ट्रॉल्या. मापं कशाला पायजेत?” सुंदरराव म्हणाले.

“अंदाजानं न्हाई काका, मोजून टाकू,” समिना म्हणाली.

तिनं मला अंगणात पसरलं. चाळीस फूट लांब, तीस फूट रुंद. जेसीबीनं खणलेल्या खड्ड्यात सोडलं, तर मी दीड फूट खोली दाखवली. अठराशे घनफूट; शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे अठरा ब्रास. मोकळी माती नंतर दबते, म्हणून तिनं पाव हिस्सा जास्त धरला. एका ट्रॉलीत एक ब्रास मावतो. तेवीस ट्रॉल्या, असं तिनं वहीत लिहिलं. मी तिच्या हातात तळमळत होते, पण मला तोंड कुठं आहे?

त्याच दुपारी तिनं घरी येऊन वडिलांना आकडे वाचून दाखवले.

“पट्टी कुठून धरली, बेटा?”

“कडीपासून, अब्बा.”

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. “अरे, तिचा पहिला अर्धा फूट हायच न्हाई! तुला सांगायचंच राहिलं.”

समिनानं वहीत पुन्हा हिशेब केला. चाळीस फुटांत अर्ध्या फुटानं काही बिघडत नाही. पण खड्डा दीड फूट नव्हता, एकच फूट होता; लिंबाच्या मुळांना तेवढा पुरणार नव्हता. त्यात तेवीस ट्रॉल्या ओतल्या असत्या, तर दबल्यावरही माती दवाखान्याच्या पायरीवर चढली असती आणि पावसाचं पाणी सरळ बाळंतिणींच्या खोलीत शिरलं असतं.

तिला गप्प बसता आलं असतं. पण ती तशीच दवाखान्यापाशी गेली आणि सुंदररावांना सगळ्यांदेखत म्हणाली, “काका, माझं माप चुकलं.”

“मग सोड की झाडांचा नाद. जेसीबी बी गेलाय. फूटभर मातीत हरळीचं गवत लाव अन् मोकळी हो.”

“हरळीची सावली पडत न्हाई, काका.” समिनानं पदर खोचला. “फूटभर माती राहू द्या. झाडांपुरते आठ खड्डे हातानं खांदू. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल.”

ऊसतोडीहून परतलेली छबुबाई तिथंच नातवाला घेऊन उभी होती. तिनं लेकरू नर्सबाईंकडं दिलं. “आठच ना? आण तो टिकाव. आमी काय मुरमाला भ्यायचो व्हय!”

बायका जमल्या. टिकावाखाली ठिणग्या उडत होत्या. समिनाच्या तळहाताला फोड आले, तरी ती थांबली नाही. दिवस मावळेपर्यंत पाच खड्डे झाले आणि उरलेले तीन दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर यायच्या आत. प्रत्येक खड्ड्यात तिनं मला सोडलं, अर्धा फूट वजा केला आणि नवा हिशेब मांडला. अंगणाचे बारा ब्रास, खड्ड्यांचे दोन, दबण्यासाठी साडेतीन. म्हणजे अठरा ट्रॉल्या.

अठरावी ट्रॉली रिकामी झाली, तेव्हा सुंदररावांनी चप्पल काढली आणि मऊ मातीवरून चालत पार टोकापर्यंत जाऊन आले. “बराबर बसली गं पोरी,” एवढंच ते म्हणाले. पावसाळा सरला तेव्हा माती पायरीच्या चार बोटं खाली बसली होती. आठांपैकी सात लिंब जगले. आठव्याच्या जागी समिनानं पुन्हा रोप लावलं.

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीतली पट्टी झिजली असेल, घरातला वजनकाटा कमी दाखवत असेल, तर त्यांना फेकू नका. पण त्यांच्यात काय खोट आहे, ते त्यांच्यावरच लिहून ठेवा आणि पुढच्या माणसाच्या हातात देताना त्याला नक्की सांगा. आम्ही मुक्या वस्तू राबायला कधीच मागं हटणार नाही. आमच्या वतीनं खरं बोलायचं काम मात्र तुमचं.